भोवऱ्यांचा तक्ता

सतरा घोडे, सतरा सिरिंजा.
बर्फाच्या डब्यात कालपर्यंत पापलेट होतं,
वास अजून आहे.
मी पशुधन पर्यवेक्षक, वर्ग तीन.
मानेची शीर अंगठ्यानं दाबतो आणि म्हणतो,
हलू देऊ नका.
हलतात ते मालक.

अलिबागला परदेशातले घोडे येणार आहेत.
विमानानं मुंबईपर्यंत, पुढं गार हवेच्या गाडीतून,
सोबत मोतद्दार, डॉक्टर, आपापलं गवत.
ते उतरण्याआधी इथल्या घोड्यांनी किनारा सोडायचा.
दहा किलोमीटरच्या आत
स्थानिक खूर दिसता कामा नये,
असं परिपत्रक. सही मोठ्या साहेबांची,
वाटायला मी.

गाव तयारीला लागलंय.
समुद्राची वाळू चालत नाही म्हणे,
म्हणून ट्रक भरभरून वाळू येते आहे
समुद्राकडे.
नगरपरिषदेच्या भिंतीवर घोडा उडी मारतो,
त्याचे पुढचे गुडघे उलटे वळतात.
रंगारी म्हणाला, काय करू सायब,
जन्मभर शर्यतीचे बैल काढले.
खानावळीतल्या जयवंतीबाईंनी फळ्यावर लिहिलं ‘घोडा थाळी’.
दुपारी दोनच्या सुमारास कुणीतरी समजावलं.
आता ‘स्पर्धा थाळी’. आत तेच, बोंबील.

पलीकडं चौलला कधीकाळी अरबी घोडे उतरत,
गलबतांतून, महिना महिना डुलत.
घोड्याला ओकता येत नाही,
हे मला पहिल्या वर्षाच्या पुस्तकानं शिकवलं.
त्या गलबतांचा विचार मी पुरता करत नाही.

नववा नमुना सोडा.
मुनाफ पेवेकरची घोडी,
सोडावॉटरच्या कारखान्यामागं जन्मली म्हणून सोडा.
ओहोटीला किल्ल्यापर्यंत गाडी ओढते.
पाणी पोटाला लागलं की आपणहून मागं वळते,
मुनाफ लगाम टाकून बिडी पेटवत असला तरी.

‘त्यांना पासपोर्ट असतो म्हणे?’
असतो.
‘फोटोवाला?’
नाही, चित्र असतं. त्यात अंगावरचे भोवरे मांडतात.
मुनाफ आधी गप्प, मग हसला.
‘भोवरे तर आमच्या आज्याला पाठ!
गळ्यावरचा देवमण, तो बरकतीचा.
कपाळात जोडी असली तर धन्याला खाते.
हिला जोडी आहे. म्हणून तर परवडली.’

मी कोऱ्या कागदावर एक घोडी काढली,
रंगाऱ्यापेक्षा बरी नव्हे.
कपाळात दोन गोल, गळ्यावर काही नाही,
डाव्या बरगडीवर गाडीच्या दांडीचा घट्टा.
असा तक्ता कुणी मागितला नव्हता.

बाकीचे सोळा टेम्पोतून गेले
पोयनाडच्या पुढं, बंद पडलेल्या भातगिरणीत.
सोडा फळीवर पाय ठेवीना.
गूळ झाला, पोतं झालं डोळ्यांवर, शिव्या झाल्या.
मैदानावर दीड मीटरचे अडथळे रंगवून तयार,
आणि ही वीतभर चढेना. तीन दिवस.
शेवटच्या रात्री मुनाफ म्हणाला, चालवत नेतो.

मी मागं स्कूटरवर, पहिल्या गिअरात,
माझ्या दिव्यात तिचे मागचे खूर.
मागून मैदानाचा भोंगा, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.
कार्लेखिंडीच्या वळणावर समोरून
एक लांबलचक पांढरी गाडी आली,
ठरल्या दिवसाच्या आधीच.
मुनाफनं घोडीला गटाराच्या कडेला घेतलं,
तिच्या डोळ्यांवर हात धरला.
गाडी जाताना आतून पत्र्यावर एक टाप वाजली.
फक्त एकच.

सोडा खिंकाळली.
एवढ्या वर्षांत मी तिला ऐकलं नव्हतं.
गाडीच्या मागच्या तांबड्या दिव्यांतून
बारीक, उंच, परक्या गळ्याचं उत्तर आलं,
मग वळण.

मुनाफनं माझ्याकडं पाहिलं. लिहिणार का?
पोयनाडला पोचल्यावर, टपरीच्या उजेडात,
मी परिपत्रक पुन्हा वाचलं, दोन्ही बाजूंनी.
रक्त आहे, लाळ आहे, शेण आहे, माश्या आहेत.
आवाजाबद्दल काही नाही.